कोण बोलले आणि काय बोलले

२४ नोव्हेंबर २०१६ ची संध्याकाळ. नाताळच्या तयारीसाठी आमच्या कासारवाडीच्या धर्मग्रामातील सात-आठ मंडळी एका घरी जमली होती; परंतु बैठक काही केल्या सुरू होईना. त्या दुपारी राज्यसभेत नोटाबंदीवर माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग बोलले होते आणि त्यांचे अवघे सात मिनिटांचे भाषण वाहिन्या पुनःपुन्हा दाखवीत होत्या. पंतप्रधान नरेंद्र मोदी सभागृहात बसून ते ऐकत होते. ८ नोव्हेंबरच्या रात्री याच पडद्यावरून त्यांनी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द केल्याचे जाहीर केले होते. देशातील चलनाच्या मूल्यापैकी सुमारे ८६ टक्के भाग त्या दोन नोटांत होता.

"दहा वर्षे गप्प होते, आता वाचा फुटली!" एक निवृत्त कामगार म्हणाले. "अहो, ऑक्सफर्डला शिकलेला माणूस आहे तो, त्यांना काय शिकवता?" दुसऱ्यांनी फटकारले. तिसरे म्हणाले, "मोदींनी पन्नास दिवस मागितलेत ना? मग द्या की!" मी स्वतःही मागे राहिलो नाही. डॉक्टरसाहेबांच्या त्या संथ, बारीक आवाजाची मी नक्कल केली, आणि सगळे पोट धरून हसले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मावशी बाहेर आल्या. भोसरीच्या एम.आय.डी.सी.त राबणाऱ्या मुलांसाठी त्या खाणावळ चालवीत. "फादर," त्यांनी विचारले, "पण ते म्हणाले तरी काय?"

मला सांगता येईना. भाषण मी दोनदा ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उघडून पाहिले. काळ्या पैशाला आळा घालण्याच्या हेतूशी आपला विरोध नाही, असे डॉ. सिंग यांनी आरंभीच म्हटले होते. त्यांचा आक्षेप अंमलबजावणीवर होता. राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ सुमारे दोन टक्क्यांनी घटेल, शेती, लहान उद्योग व असंघटित कामगार होरपळतील, सहकारी बँकांची कोंडी झाली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय त्यांनी विचारले होते, लोकांनी बँकेत ठेवलेला स्वतःचा पैसा त्यांना काढता येत नाही, असा एखादा देश दाखवा. याला संघटित लूट म्हणण्याइतके कठोर शब्दही त्यांनी वापरले. अर्थमंत्री अरुण जेटली यांनी त्याच दिवशी प्रत्युत्तर देताना आधीच्या राजवटीतील काळ्या पैशाकडे बोट दाखविले. आमच्या बैठकीचीच ती थोर आवृत्ती, असे मला वाटून गेले.

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा' ग्रंथातील एक भेद आम्हाला शिकविला होता, त्याची त्या दिवशी आठवण झाली. वस्तूविषयी मत बनविताना वस्तूचे त्यात बरेवाईट होत नाही, म्हणून तेथे केवळ सत्य पाहावे आणि ती आहे तशीच जोखावी. माणसाविषयी मत बनविताना मात्र आपल्या मतानेच त्याचा मान वा अवमान होत असतो. म्हणून तेथे संशयाचा फायदा त्याला द्यावा, मग त्यापायी आपण अनेकदा फसलो तरी चालेल. आम्ही त्या संध्याकाळी याच्या नेमके उलट वागलो होतो. माणसांना तराजूत घालून गुंजागुंजाने तोलले आणि मुद्द्याला हातही लावला नाही.

यावर वाचक म्हणतील, "फादर, आम्ही काय अर्थशास्त्री आहोत? ज्या गोष्टीतले कळत नाही, तेथे माणूस पाहूनच विश्वास ठेवावा लागतो." आक्षेप खोटा नाही. डॉक्टरांचे औषध आपण त्यांच्यावरच्या भरवशाने घेतो. परंतु त्या खोलीत ज्यांना काही कळत होते, त्यांना तरी आम्ही कुठे विचारले? आमच्यातील निम्मी कुटुंबे श्रीरामपूर-राहुरीकडची. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना १४ नोव्हेंबरपासून जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली होती. ऊस-कांद्याच्या पैशाचे गावी काय होत आहे, हे त्यांना भाऊबंदांकडून रोज कळत होते. आणि मावशींना तर आपल्या पंक्तीला किती ताटे कमी झाली, हे तोंडपाठ होते. खरी साक्षीदार तीच होती आणि आम्ही तिच्याकडून चहा मागवीत होतो.

गंमत अशी, की मावशी नोटाबंदीच्या बाजूच्या होत्या. ठेकेदार मुलांना मजुरीपोटी जुन्याच नोटा देत होते, मुले त्यांची उधारी थकवीत होती, तरी त्या म्हणत, "होऊ दे आमचे हाल. मोठ्यांच्या गोणीतले नोटांचे कागद तर होतील!" रांगेतल्या कित्येकांची हीच भावना होती. तिला मत्सर म्हणून उडवून लावणाऱ्या शहाण्यांचा मला राग येतो. न्यायासाठी स्वतःची झीज सोसण्याची तयारी ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या सोसण्याच्या मुळाशी एक विधान होते, गोणीतल्या नोटा बुडतील हे. आणि विधान तपासावे लागते. ऑगस्ट २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने हिशेब दिला. रद्द झालेल्या १५.४१ लाख कोटी रुपयांपैकी १५.३१ लाख कोटी, म्हणजे ९९.३ टक्के नोटा परत आल्या होत्या.

डॉ. सिंग यांचे विधानही तपासले पाहिजे. एप्रिल ते जून २०१७ या तिमाहीची वाढ पहिल्या अंदाजात ५.७ टक्के निघाली. वर्षापूर्वी ती ७.९ होती. भाकीत खरे ठरले म्हणावे, तर २०१६-१७ या सबंध वर्षाची सुधारित वाढ पुढे आठ टक्क्यांच्या वर दाखविण्यात आली. शिवाय १ जुलै २०१७ ला जी.एस.टी. आला, आणि पत्र्याच्या शेडमधले लहान कारखाने या आकड्यांत कितपत उतरतात, यावर तज्ज्ञांचा वाद आहे. २ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो निर्णय वैध ठरविला, तोही त्याची प्रक्रिया पाहून. हेतू साधला की नाही, हा प्रश्न बहुमताने बाजूला ठेवला. आमच्या मंडळींना यातले काही सांगितले, की ती विचारतात, "म्हणजे फादर, तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

मावशींची खाणावळीची वही मी नंतर पाहिली. नोव्हेंबरच्या पानावर बावीस नावे होती, जानेवारीच्या पानावर चौदा. गेलेल्यांपैकी एक मुलगा होळीनंतर परतला. त्याने आल्याआल्या उधारीपोटी दोन हजारांची नवी गुलाबी नोट पुढे केली. मावशींकडे सुट्टे नव्हते. "राहू दे," त्या म्हणाल्या, "आधी जेवायला बस."