आवड आणि निवाडा

“ज्याची त्याची आवड,” असे म्हणून कित्येक लोक गाण्याचा, चित्राचा किंवा काव्याचा वाद तेथल्या तेथे मिटवितात. एकास पोवाडा रुचतो, दुसऱ्यास भजन. त्यात खरे काय आणि खोटे काय? परंतु हा प्रश्न दिसतो तितका हलका नाही, असे आम्हांस वाटते.

जर्मन तत्त्ववेत्ता इमान्युएल कांट ह्याने १७९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक सूक्ष्म भेद दाखविला आहे. “मला ठेचा आवडतो,” असे म्हणणारा मनुष्य शेजाऱ्याकडे काहीच मागत नाही. परंतु “हे गीत सुंदर आहे,” असे जो म्हणतो, तो केवळ आपल्या कानाची गोष्ट सांगत नाही. इतरांनीही संमति द्यावी अशी अपेक्षा तो करितो. ती संमति नियम दाखवून मिळविता येत नाही, तरी तो ती मागतोच. मग असे मागण्याचा अधिकार त्यास कोठून येतो? कांटचे उत्तर असे की, निवाडा करिताना त्याने आपला स्वार्थ बाजूस ठेविला पाहिजे. कणसांनी लवलेले जोंधळ्याचे शेत पाहून सावकार मनात व्याजाचा हिशेब करितो. त्याचा आनंद खरा असेल, पण तो शेताच्या शोभेचा नव्हे.

आपल्या देशातही सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मिरातील अभिनवगुप्त ह्याने भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना रसास्वादाच्या आड येणारी विघ्ने सांगितली. त्यांपैकी एक हे की, प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडलेला असतो. काव्याच्या अभ्यासाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले, त्यासच तो सहृदय म्हणतो.

स्कॉटलंडातील डेव्हिड ह्यूम ह्याने १७५७ साली अभिरुचीवर निबंध लिहिला. त्यात सर्व्हांटेस ह्या स्पॅनिश लेखकाच्या कादंबरीतील एक गोष्ट त्याने घेतली आहे. दोघा जाणत्यांस पिंपातील द्राक्षारसाची परीक्षा करावयास सांगितले. एक म्हणाला, रस उत्तम आहे, पण चामड्याची किंचित चव लागते; दुसरा म्हणाला, लोखंडाची लागते. लोक दोघांसही हसले. पिंप रिकामे झाले, तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली लोखंडी किल्ली सापडली! तात्पर्य, ज्यांपासून आपली आवडनावड उपजते असे काही गुण वस्तूतच असतात; ते ओळखण्यास सूक्ष्म जाणीव, सराव, तुलना, सुबुद्धि आणि पूर्वग्रहापासून मोकळे मन लागते.

परंतु ज्याने हा धडा दिला, त्याच्याच हातून तो पाळला गेला नाही. १७५३ साली दुसऱ्या एका निबंधास जोडलेल्या टीपेत त्याने काळ्या वर्णाच्या लोकांस स्वभावतःच हीन लेखिले. जमेका बेटातील अशा एका मनुष्याच्या विद्वत्तेची ख्याति होती. तिजविषयी त्याने लिहिले की, पोपटाने चार शब्द स्पष्ट उच्चारावे तसेच हे असावे. पिंपाच्या तळाशी काय आहे हे पाहण्यापूर्वीच त्याने निकाल दिला! स्कॉटलंडातल्याच जेम्स बीटी ह्याने १७७० साली ह्या मताचे खंडन केले.

वाचकहो, हा दोष परदेशातलाच आहे काय? हलगीच्या तालावर सारा गाव नाचला. पण ती वाजविणाऱ्यास मात्र पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेविले, आणि त्याच्या हातच्या कसबास कला म्हणण्यास पुष्कळांची जीभ रेटली नाही. उलट, परदेशी चाल आहे एवढ्यावरूनच एखादे गीत श्रेष्ठ मानणे, हाही तसाच अन्याय होय. दोन्ही ठिकाणी कान बंद असतात, आणि डोळे तेवढे गाणाऱ्याची जात व अंगरखा पाहतात.

म्हणून “सुंदर” किंवा “टाकाऊ” हा शब्द उच्चारण्यापूर्वी पुन्हा एकदा ऐकावे, दुसऱ्या गीताशी ताडून पाहावे, आणि मग आपल्या मनास विचारावे: हेच गीत दुसऱ्या कोणी गाइले असते, तर आपण हेच म्हटले असते काय? ज्यास ह्याचे उत्तर निर्भयपणे “होय” असे देता येईल, त्याने आपले मत खुशाल शेजाऱ्यापुढे मांडावे. आणि शेजाऱ्याचेही तितक्याच धीराने ऐकून घ्यावे.