समुपदेशन हे ‘अतिरिक्त कार्यभारा’चे काम नाही

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या विशाखापट्टणममधील एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २५ जुलै २०२५ रोजी त्यातून देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नये, असे न्यायालयाने बजावले. महाराष्ट्राने हा आदेश इतरांपेक्षा अधिक गांभीर्याने घ्यायला हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदवलेल्या आहेत. त्यांतल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. पण आपल्याकडे शाळेवर नवे काम आले की ते कोणाच्या गळ्यात पडते, हे सर्वांना ठाऊक आहे. निवडणूक, जनगणना, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणे सांभाळणाऱ्या शिक्षकांपैकीच एखाद्याला दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण देऊन ‘समुपदेशक’ म्हणून नेमले जाईल आणि कागदावर आदेशाचे पालन झालेले असेल. माझे म्हणणे असे, की या पद्धतीने केलेली नेमणूक न केल्यासारखीच आहे, आणि याचा पुरावा आपल्याच देशात उपलब्ध आहे.

बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहर’ नावाचा प्रयोग झाला. १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेने तो उभा केला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. शाळांचे तीन गट पाडले होते. पहिल्या गटात प्रत्येक शाळेत एक स्वतंत्र ‘सेहर मित्र’ होता. तो मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, प्रशिक्षण दिलेला सामान्य माणूस होता. दुसऱ्या गटात तेच काम, त्याच आराखड्यानुसार, शाळेतल्याच एका शिक्षकाकडे सोपवले. तिसऱ्या गटात फक्त नेहमीचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम चालू राहिला. कामाचे स्वरूपही समजून घेण्यासारखे आहे. भित्तिपत्रक, मुलांनी आपली तक्रार किंवा प्रश्न लिहून टाकायची पेटी, गटचर्चा, आणि ज्याला गरज असेल त्याच्याशी एकांतात बोलणे. वर्षअखेरीस नववीच्या मुलांची पाहणी केली तेव्हा स्वतंत्र मित्र असलेल्या शाळांतले वातावरण लक्षणीय सुधारलेले दिसले. नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि मारहाण कमी झालेली होती. पुढच्या पाहणीत हा परिणाम आणखी ठळक झाला. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळा मात्र तिसऱ्या गटाच्या पुढे गेल्याच नाहीत. आराखडा तोच, मुले त्याच जिल्ह्यातली. फरक होता तो काम करणाऱ्याच्या स्थानाचा.

हा निष्कर्ष शिक्षकांची निंदा म्हणून वाचणे चूक ठरेल. एक कारण सरळ वेळेचे आहे: दिवसाला सहा-सात तासिका घेणाऱ्या माणसाकडे स्वस्थपणे ऐकायला उसंत कुठून यावी? दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. शिक्षकाच्या हातात अंतर्गत गुण असतात, वर्गातली शिस्त असते आणि पालकसभेत मुलाबद्दल बोलण्याचा अधिकार असतो. ज्याच्या एका शेऱ्यावर घरी बोलणी बसू शकतात, त्याच्यासमोर नववीतली मुलगी घरातली भांडणे किंवा जीव नकोसा झाल्याचा विचार कसा मांडेल? ‘शिक्षक मुलांना सर्वांत जवळून ओळखतात’ हा युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो खराही आहे. म्हणूनच अचानक गप्प झालेले, डबा न खाणारे किंवा वारंवार गैरहजर राहणारे मूल सर्वांत आधी वर्गशिक्षकाच्या लक्षात येते, आणि हे हेरण्याचे काम शिक्षकानेच करायला हवे. पण हेरणारा आणि ऐकणारा एकच असला, तर मूल दोघांपासूनही लपते.

ऐकणारा माणूस वेगळा नेमला तरी तो करणार काय, हा पुढचा प्रश्न आहे. आपल्याकडचे बरेचसे समुपदेशन अजूनही व्याख्यानाच्या वळणावर जाते: सकारात्मक राहा, मोबाइल कमी करा, आईवडिलांच्या कष्टांची जाणीव ठेवा. दिल्लीच्या सरकारी शाळांमध्ये ‘संगाथ’नेच राबवलेल्या ‘प्राइड’ प्रकल्पाने याच्या उलट वाट धरली. आजाराचे नाव शोधण्याऐवजी मुलाने स्वतः सांगितलेल्या अडचणीपासून सुरुवात करायची, तिच्यावरचे शक्य ते पर्याय मांडायचे, त्यांतला एक निवडून करून पाहायचा आणि पुढच्या भेटीत काय झाले ते तपासायचे. वीस ते तीस मिनिटांच्या चार-पाच भेटी, सुमारे तीन आठवडे, आणि सोबत चित्रकथांच्या पुस्तिका. समजा, दहावीतला मुलगा सांगतो की अभ्यासाला बसले की छातीत धडधडते. बोलता बोलता कळते की एकाच खोलीच्या घरात रात्री अकरापर्यंत टीव्ही चालू असतो, काकांच्या मुलाशी सतत तुलना होते, आणि अकरावीला कला शाखा घ्यायची आहे हे बाबांना सांगायची हिंमत होत नाही. तीन अडचणी तीन जातींच्या आहेत. पहिलीवर आज उपाय निघू शकतो: शाळा सुटल्यावर तासभर ग्रंथालयात बसणे, किंवा पहाटेची वेळ. तिसरीसाठी आधी आईशी बोलायचे की मामाशी, हे मुलगाच ठरवतो आणि कसे बोलायचे ते समुपदेशकासमोर आजमावून पाहतो. दुसरी कदाचित सुटणार नाही. तिथे तुलना ऐकून मनात उठणाऱ्या विचारांना हाताळायला शिकायचे असते. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांना परिचित झालेली विवेकनिष्ठ विचारपद्धती इथे उपयोगी पडते. पण ती पहिल्याच भेटीत समोर ठेवली, तर मुलाला वाटते की दोष आपल्याच विचारांचा आहे.

‘प्राइड’चे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष प्रामाणिकपणे मांडायला हवेत. फक्त पुस्तिका मिळालेल्या मुलांशी तुलना करता, समुपदेशन मिळालेल्यांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींची तीव्रता बारा आठवड्यांत अधिक कमी झाली होती. मानसिक आजाराच्या लक्षणांत मात्र तेवढ्या काळात तसा फरक दिसला नाही. वर्षभरानंतरच्या पाठपुराव्यात दोन्हींत फरक आढळला. यात चमत्कार नाही, पण मुलाच्या आयुष्यातली खरी अडचण हलली की मनही हळूहळू सावरते, याला आधार मिळतो. याउलट, गरज असो वा नसो, सगळ्या वर्गाला एकच मनोव्यायाम शिकवण्याचा मार्ग वरकरणी सोपा आणि स्वस्त वाटतो. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या ‘मिरियड’ प्रयोगात शिक्षकांनी वर्गात सजगतेचे पाठ दिले. २०२२ मधल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या शिक्षणापेक्षा त्याचा जास्त फायदा झाला नाही.

असे स्वतंत्र समुपदेशक नेमण्यावर आक्षेप येतो की पदवीधर पण तज्ज्ञ नसलेल्या व्यक्तीच्या हाती मुलांची मने देणे म्हणजे गरिबांसाठी दुय्यम दर्जाची सेवा. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देखरेखीत आहे. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या प्रौढ रुग्णांना प्रशिक्षित सामान्य व्यक्तींनी दिलेले समुपदेशन परिणामकारक ठरल्याचे २०१७ मध्ये दाखवून दिले गेले. पण तिथे संभाषणांच्या ध्वनिमुद्रणावर नियमित चर्चा होत होती, कोण कुठे घसरले हे तपासले जात होते. महाराष्ट्रात नेमणुका झाल्या आणि ही साप्ताहिक तपासणी नसली, तर दोन महिन्यांत समुपदेशक पुन्हा उपदेशाकडे वळेल. आणि आपल्या आवाक्याबाहेरचे काय, हे त्याला पक्के माहीत हवे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) तेरा ते सतरा वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. साठ मुलांच्या वर्गात असे चार तरी असतील. स्वतःला इजा करणारे, भास होणारे, आठवडेच्या आठवडे न जेवणारे-न झोपणारे मूल चित्रकथेच्या पुस्तिकेने बरे होणार नाही. त्याला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञापर्यंत सोबत घेऊन जाणारे कोणीतरी लागते. नुसता ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक भिंतीवर चिकटवून भागत नाही. गोपनीयतेचेही तसेच. लैंगिक अत्याचार समजला तर पोक्सो कायद्याने तो कळवणे बंधनकारक आहे, म्हणून काय दोघांत राहील आणि काय राहू शकणार नाही, हे पहिल्याच भेटीत मुलाला स्पष्ट सांगायला हवे. मूल बोलून गेल्यावर हे कळले, तर ते पुन्हा कोणाहीजवळ तोंड उघडणार नाही.

सर्वांत कठीण आक्षेप मात्र वेगळा आहे. वडिलांचे कर्ज, क्लासची फी, जातीवरून मिळणारी वागणूक, एका परीक्षेवर टांगलेले भवितव्य, ही कारणे बाहेर असताना मुलाला समुपदेशकाकडे पाठवणे म्हणजे बाहेरच्या अन्यायाशी जुळवून घ्यायला शिकवणे नव्हे काय? समुपदेशन फक्त बंद खोलीत चालले तर नक्कीच तसे होईल. आत्महत्यांच्या एकूण नोंदींत ‘कौटुंबिक समस्या’ हे कारण सर्वांत वर दिसते. ते मुलाच्या एकट्याच्या विचारसरणीने सुटणारे नाही. पण नालंदाच्या शाळांत दादागिरी कमी झाली ती केवळ एकेका मुलाशी बोलून झाली, असे मानायला जागा नाही. तिथे सारी शाळाच कामाचा विषय होती, पेटीतल्या चिठ्ठ्या शाळेपुढे येत होत्या. तोच अधिकार इथे मिळाला पाहिजे. एकाच वर्गातली सहा मुले एकाच शिक्षकाच्या टोमण्यांबद्दल बोलत असतील, वसतिगृहात विशिष्ट जातीच्या मुलांना वेगळे बसवले जात असेल, लातूरसारख्या ठिकाणी चाचणीचे गुण जाहीर फलकावर लागत असतील, तर कोणाचेही नाव न घेता ते शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडण्याचा आणि त्यावर काय केले याचे लेखी उत्तर मागण्याचा हक्क समुपदेशकाला हवा. त्याची नेमणूक, पगार आणि गोपनीय अहवाल मुख्याध्यापकाच्या हाती असेल, तर हा हक्क तो वापरणार नाही. म्हणून या जागा शाळेच्या नव्हे, जिल्हा पातळीवरच्या आस्थापनेवर असाव्यात, आणि राज्याच्या शासन निर्णयात हे पहिल्याच कलमात यावे.