खो कुणी दिला?

लातूरच्या जिल्हा क्रीडा संकुलात शालेय खो-खोचे सामने असले की मी गुणलेखक म्हणून बसतो. काम सरळ असतं: कोणी कोणाला बाद केलं, किती वेळात, कसं. एका सामन्यात मात्र माझी पेन्सिल कागदावर थबकली.

पळती करणारी मुलगी चपळ होती. आक्रमण करणारी तिच्या मागे धावत असतानाच ती दोन मुलींच्या मधून सटकून मध्यपाटीच्या पलीकडे गेली. आक्रमकाला ती पाटी ओलांडता येत नाही, उलटं फिरताही येत नाही. तिने पाठमोऱ्या बसलेल्या मुलीला खो दिला. ती उठली, दोन पावलं टाकली आणि पळतीचा खांदा अलीकडे वळताना दिसताच, स्वतः हात लांब करायचा मोह सोडून, शेजारच्या मुलीच्या पाठीवर थाप मारून ‘खो!’ म्हणाली. तिसरी उठली तर पळती तिच्या अगदी पुढ्यात. नुसता हात लागला. मैदानात गलका झाला आणि मी तिसरीचा क्रमांक लिहिला. गडी खरं तर दुसरीने टिपला होता. तिच्यासाठी माझ्या कागदावर रकानाच नव्हता.

तेव्हापासून हा रकाना माझ्या डोक्यात घर करून आहे. खेळात कर्तबगारी कोणाची, हे आपण डोळ्यांनी ठरवतो असं वाटतं. बहुतेक वेळा ते वहीने आधीच ठरवलेलं असतं.

बास्केटबॉलमध्ये ही गोष्ट उमगायला काही दशकं गेली. 2 मार्च 1962 रोजी विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात एकट्याने 100 गुण केले. त्या हंगामात त्याची सरासरी होती सामन्याला 50.4. आजवर कोणी त्या आकड्याच्या जवळपास पोहोचलेलं नाही. तरी त्या वर्षी त्याचा संघ अंतिम फेरीआधीच, सातव्या आणि निर्णायक सामन्यात, अवघ्या दोन गुणांनी बॉस्टनकडून हरला. बॉस्टनकडे होता बिल रसेल. 13 हंगामांत 11 विजेतेपदं. रसेलचं मोठेपण समोरच्याचा चेंडू हवेतच अडवण्यात, आणि अडवलेला चेंडू बाहेर न भिरकावता आपल्याच गड्याकडे वळवण्यात होतं. पण असे अडवलेले चेंडू एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग अधिकृतपणे मोजू लागली 1973-74 च्या हंगामापासून. रसेल 1969 मध्येच निवृत्त झाला होता. त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोलाचं काम किती वेळा झालं, हे कोणत्याच अधिकृत वहीत नाही. हे वाचलं तेव्हा मला आमच्या संकुलातली ती मुलगी आठवली.

पुढची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. 1966-67 मध्ये प्रशिक्षक ॲलेक्स हॅनम यांच्या हाताखाली त्याच चेंबरलेनने स्वतः बास्केटवर चेंडू टाकणं कमी केलं, चेंडू वाटायला सुरुवात केली. सरासरी आदल्या हंगामातल्या 33.5 वरून 24.1 वर आली. संघाने साखळीतले 81 पैकी 68 सामने जिंकले आणि विजेतेपदही. माणूस तोच, ताकद तीच. मायकेल जॉर्डनचंही काहीसं असंच झालं. 1986-87 मध्ये सरासरी 37.1 आणि त्याचा शिकागो संघ पहिल्याच फेरीत तीन सरळ सामन्यांत गारद. पहिलं विजेतेपद आलं 1991 मध्ये, फिल जॅक्सन आणि टेक्स विंटर यांची चेंडू फिरता ठेवणारी पद्धत अंगी मुरल्यावर. अर्थात सोबतीला पिपेनसारखा खेळाडूही तोवर तयार झाला होता, हे विसरून चालणार नाही. नंतर अमुक खेळाडू मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे वा मागे गेला, हेही मांडलं जाऊ लागलं. म्हणजे वहीने हळूहळू डोळे उघडले.

आणि आपला खो-खो? 1914 च्या सुमारास पुण्यात या खेळाचे नियम बांधायला सुरुवात झाली. खेळाचं नावच द्यायच्या शब्दावरून पडलेलं आहे, पकडण्याच्या नव्हे. कबड्डीत चढाईला गेलेला एकटा असतो. इथे बसलेले आठही जण प्रत्येक क्षणी खेळात असतात. इतकं शहाणपण नावातच असूनही वर्तमानपत्रातली बातमी आपण कशी वाचतो? अमुक, दोन मिनिटं दहा सेकंद पळती आणि चार गडी. बस्स. शेजारच्या धाराशिवची सारिका काळे 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार होती. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा आम्हा मराठवाड्यातल्या खो-खोवाल्यांचा ऊर भरून आला. तो तिचा हक्कच होता. पण तिच्या पाठीवर वेळेत थाप मारणाऱ्या मुलींची नावं मलाही चटकन सांगता येणार नाहीत, आणि याची मला खंत आहे.

2022 मध्ये अल्टिमेट खो-खो ही लीग आली. तिने ‘वजीर’ आणला. तो कोणत्याही दिशेला धावू शकतो. टीव्हीवर खेळ रंगतदार झाला, जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत विश्वचषकही झाला, आपल्या महिलांनी नेपाळला 78-40 असं हरवलं, महाराष्ट्राची प्रियांका इंगळे कर्णधार. मला वजिराचं वावडं नाही. भीती एवढीच वाटते की शाळेतली प्रत्येक पोर आता वजीर व्हायला बघेल आणि एक पाय मागे, बोटं जमिनीला, कान पाठीमागे लावून बसण्याची कला कोणी शिकवणार नाही. ती कला अवघड आहे. उठायला जरा उशीर झाला की पळती निसटते.

आमच्या गावात तर ही भीती जास्तच. परीक्षेतल्या गुणांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’च्या या शहरात निकालाच्या दिवशी चौकाचौकांत फलक लागतात, आणि भेटणारा प्रत्येक जण विचारतो, ‘किती पडले?’ शेजारच्या बाकावरच्याला गणित समजावून सांगणाऱ्या मुलाला त्याचे वेगळे मार्क पडत नाहीत.

गेल्या हंगामापासून मी अधिकृत गुणपत्रकाशेजारी माझी एक वही ठेवतो. गडी बाद झाला की त्याआधीच्या दोन खोंचे क्रमांक त्यात टिपतो. घाई फार होते. कधी पहिला निसटतो, कधी धुळीत पाठीवरचा आकडाच दिसत नाही. परवा सामना संपल्यावर एक मुलगी टेबलाशी आली. बोटाने गुणपत्रकावर आपला क्रमांक शोधू लागली, सापडेना. मी तिच्यापुढे दुसरी वही सरकवली. तिने तिथे तो पाच वेळा मोजला, मग मैत्रिणीला हाक मारून परत पहिल्यापासून मोजला.