आवाज न करणारं टेबल

सकाळी घरातला पहिला आवाज बहुधा भांड्यांचा असतो. कप टेकतो, ताटली सरकते आणि पलीकडच्या खोलीत साखरझोपेत असलेलं माणूस वैतागून कूस बदलतं. याचं काही करणं हे घर बांधणाऱ्याचं काम आहे, असं आपल्याला वाटत नाही. आयलीन ग्रे या आयरिश वास्तुकार बाईंना मात्र ते वाटलं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, रोकब्रून-काप-मार्तँ इथे, १९२६ ते १९२९ या काळात त्यांनी समुद्राकाठच्या खडकांवर एक छोटं पांढरं घर उभं केलं. तिथल्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी बुचाचा थर बसवला, ताटल्यांचा खडखडाट होऊ नये म्हणून!

त्यांचा जन्म १८७८ चा, आयर्लंडमधल्या वेक्सफर्ड परगण्यात, एनिस्कॉर्थीजवळचा. तिथलं त्यांचं साधंसं वडिलोपार्जित घर पुढे मेहुण्याच्या हौसेने मोठं, भारदस्त करण्यात आलं. सतरा-अठरा वर्षांच्या आयलीनला ते मुळीच आवडलं नाही. दिखाऊ घराची अढी मनात बसली ती तेव्हाच, असं मला आपलं वाटतं.

लंडनमध्ये चित्रकला शिकताना सोहो भागातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात त्यांना लॅकरचं काम दिसलं आणि त्या तिथेच रमल्या. पुढे पॅरिसमध्ये सुगावारा या जपानी कारागिराकडे त्यांनी ते वर्षानुवर्षं गिरवलं. लॅकर म्हणजे एका झाडाचा चीक. त्याचा पातळ हात द्यायचा, दमट खोलीत वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा हात द्यायचा. असे थरांवर थर. अंगाला लागला तर हा चीक बाधतो. ग्रे यांच्या हातांवर पुरळ उठायचं, तरी काम थांबलं नाही.

वास्तुकलेची पदवी त्यांच्याकडे नव्हती. मित्र झाँ बादोविची याने भरीला घातलं आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी पहिलं घर बांधायला घेतलं. जागेपर्यंत गाडीरस्ता नव्हता. सामान ढकलगाडीवरून न्यावं लागे. घराचं नाव ई-१०२७. ई आयलीनचा, १०, २ आणि ७ हे वर्णमालेतल्या जागेनुसार झाँचा जे, बादोविचीचा बी आणि ग्रेचा जी. दोघांची नावं अशी एकमेकांत गुंफलेली. जागा मात्र बादोविचीच्या नावावर.

घराच्या आराखड्यावर त्यांनी राहणाऱ्यांच्या आणि कामाच्या बाईच्या येण्याजाण्याच्या वाटा रेखल्या आणि त्यांच्यासोबत सूर्याचीही वाट रेखली. त्या भागातल्या बायका उन्हाळ्यात बाहेर रांधतात आणि थंडीत आत, हे पाहून स्वयंपाकघर उघडमीट करता येईल असं केलं. न्हाणीघरातल्या आरशाला छोट्या दांडीवर दुसरा आरसा जोडला, म्हणजे मानेमागचे केसही दिसावेत. दारापाशी भिंतीवर अक्षरं छापली, ‘सावकाश या’, आणि आणखी एका ठिकाणी ‘हसण्यास मनाई’. हा मिश्कीलपणा त्या काळच्या गंभीर, पोलादी वास्तुकलेत क्वचितच सापडेल.

आणि ते प्रसिद्ध गोल टेबल. काचेचा पृष्ठभाग, चकचकीत पोलादी नळ्या, पायाचं वर्तुळ एका बाजूने उघडं. त्यामुळे पाय पलंगाखाली सरकतो आणि टेबल थेट मांडीवर येतं. उभ्या नळीला ओळीने भोकं आहेत. साखळीला लटकलेली खुंटी हव्या त्या भोकात खोचली की उंची बदलते. बहिणीला अंथरुणातच न्याहारी करायची सवय होती, म्हणून हे केलं, अशी हकिकत सांगतात. बहिणीला शिस्त लावायच्या भानगडीत ग्रे पडल्या नाहीत, एवढं खरं.

घर म्हणजे राहण्याचं यंत्र, हे वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांचं म्हणणं तेव्हा सर्वतोमुखी होतं. ग्रे यांना ते पटत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने घर हे माणसाचं कवच होतं, त्याच्याच अंगाचा एक भाग. पुढे बादोविचीपासून वेगळं होऊन त्या हे घर सोडून गेल्या, आणि १९३८-३९ मध्ये खुद्द कॉर्ब्युझिए पाहुणे म्हणून तिथे राहिले. त्यांनी मोकळ्या पांढऱ्या भिंतींवर भलीमोठी भित्तिचित्रं काढली. ग्रे यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. त्यांनी याला सरळ नासधूस म्हटलं. चंडीगड उभारणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे आदर आहे आणि तो असावाही. पण दुसऱ्याने मुद्दाम मोकळी ठेवलेली भिंत पाहून ज्याचे हात शिवशिवतात, त्याला ते घर कळलं होतं असं कसं म्हणावं? पुढे कित्येक वर्षं लोक हे घर बादोविचीचं समजत, कधी कॉर्ब्युझिएचंही. ग्रे यांनी तक्रारीचा धोशा लावला नाही. कास्तेलारजवळ त्यांनी स्वतःसाठी दुसरं घर आधीच बांधलं होतं आणि सत्तरी उलटल्यावर तिसरंही हाती घेतलं.

त्यांचं नाव पुन्हा घेतलं जाऊ लागलं तेव्हा त्या नव्वदीला आल्या होत्या. १९७६ मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या पॅरिसमध्ये वारल्या. २००९ मध्ये तिथल्याच एका लिलावात त्यांनी घडवलेली एक जुनी खुर्ची सुमारे २ कोटी १९ लाख युरोंना गेली. दोन्ही हातांवर लॅकरचे ड्रॅगन, मधे चामड्याची ऐसपैस बैठक. बसणाऱ्याचा इतका विचार करणाऱ्या बाईंची खुर्ची, आणि आता तिच्यावर टेकायची कुणाची छाती होणार?