पीओपीच्या वर काय आहे?

डोंबिवलीत रामनगर-टिळकनगरला, ठाण्यात नौपाड्याच्या आतल्या गल्ल्यांत सध्या एका ठरावीक प्रकारचा व्यवहार जोरात आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची तीन-चार मजली इमारत, लिफ्ट नाही, आवारात एखादं फणसाचं झाड. दुसऱ्या मजल्यावरचे आजी-आजोबा मुलाकडे पुण्याला जायला निघतात. त्यांचा फ्लॅट कोणीतरी घेतो, आतलं सगळं उखडतो, नव्या टाइल्स, किचन ट्रॉली, पीओपीचं छत, त्यात पिवळसर दिवे. तीन-चार महिन्यांत तोच फ्लॅट चढ्या भावाने पुन्हा बाजारात. एजंट सांगतो, ‘फक्त बॅगा घेऊन या.’

घेणाऱ्यालाही यात समाधान असतं. स्टेशन चालत सात मिनिटांवर, कार्पेट एरिया नव्या टॉवरपेक्षा मोठा, मुलांची शाळा जवळ. मोठागाव-माणकोली पुलामुळे डोंबिवलीहून ठाणं जवळ आलं. मेट्रोचं काम सुरू आहे; गाडी यायची तेव्हा येईल, भाव मात्र आधीच येऊन पोचला आहे. जुनं घर डागडुजी करून वापरात ठेवणं मला तर चांगलंच वाटतं. ऊठसूट पाडापाडी करण्यापेक्षा त्यात शहाणपण आहे. माझी अडचण त्या पीओपीच्या छताशी आहे.

जुन्या इमारतीत छताला पीओपी बऱ्याचदा हौसेने लावतात, पण कधी कधी गरजेनेही. वरच्या घरातल्या संडास-बाथरूमची गळती वर्षानुवर्षं स्लॅबमध्ये मुरलेली असते. ओल सळईपर्यंत पोचली की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि खालचं काँक्रीट ढकलून देतो. आधी पोपडे, मग प्लास्टरचे तुकडे, मग उघडी तांबूस सळई. खाडीची खारी रेती नीट न धुता वापरलेल्या बांधकामात हे आणखी लवकर होतं, आणि ठाण्याच्या पट्ट्यात अशी रेती सर्रास वापरली गेली. अशा स्लॅबखाली पीओपी ठोकला की खोली एकदम पाहुण्यांना दाखवण्यासारखी होते. सळई गंजायची थांबत नाही. ती आता कुणाला दिसत नाही, एवढंच.

वरून वजन वाढतं ते वेगळंच. जुन्या लाद्या काढायचा खर्च आणि धूळ नको म्हणून त्यांच्यावरच दोन इंच माल टाकून नव्या टाइल्स बसवतात. चारशे चौरस फुटांवर दोन इंचांचा थर म्हणजे साधारण चार टन. लाद्या काढायच्या ठरवल्या तर ब्रेकर मशीनचे हादरे, आणि वाळूच्या गोण्या आणि डेब्रिजचा ढीग एकाच खोलीत.

20 मे 2025 ला कल्याण पूर्वेत, मंगलराघोनगरमधल्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या घरात लादीचंच काम चालू होतं. दुपारी तिथला स्लॅब कोसळला आणि खालच्या मजल्यांचे स्लॅब घेत तळापर्यंत गेला. सहा माणसं गेली. त्यांत एक लहान मूल होतं. पोलिसांनी घरमालकावर गुन्हा दाखल केला. तो काही फ्लॅट सजवून विकणारा दलाल नव्हता, आपल्या राहत्या घराची लादी बदलत होता. त्या दिवशी ठाणे जिल्ह्यात आणखी कितीतरी घरांत हेच काम चालू असणार. लादी आपली, पण ज्याच्यावर ती बसते तो स्लॅब खालच्या घराचं छत असतो, हे घरमालकाला ठाऊक नसतं असं नाही. खर्चाच्या हिशेबात ते कुठेच येत नाही.

ही पहिली घटनाही नव्हे. 2015 मध्ये जुलैच्या शेवटी ठाकुर्लीची मातृकृपा इमारत पडली, नऊ जण गेले. आठवडाभरात नौपाड्यातली कृष्णा निवास, तिथे बारा. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या काढतात, आपण त्या पेपरात वाचतो आणि पान उलटतो.

अशा घराबद्दल विकणाऱ्याने किती सांगायचं? कायदा इथे वाटतो त्यापेक्षा कडक आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 चा. त्याचं कलम 55 म्हणतं की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि न सांगणं ही लबाडी. पण ‘वेगळा करार नसेल तर’ अशी पळवाट त्याच कलमाच्या तोंडाशी आहे. म्हणून करारात ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द येतात, आणि घेणारा न वाचता सही करतो.

हा पेच फार जुना आहे. रोममध्ये सिसेरोने इसवी सन पूर्व 44 मध्ये कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात क्लॉडियस सेंटुमालस नावाच्या माणसाचा खटला आहे. त्याचं टेकडीवरचं घर इतकं उंच होतं की शकुन पाहणाऱ्या पुरोहितांना आकाश दिसेना. त्यांनी आड येणारा भाग पाडायचा हुकूम दिला. सेंटुमालसने घर तसंच विकायला काढलं. नव्या मालकाला तोच हुकूम आला, त्याने पाडलं, आणि नंतर त्याला कळलं की विकणाऱ्याला हे आधीच ठाऊक होतं. न्यायाधीश केटोने निकाल दिला: माहीत असून सांगितलं नाही, तर नुकसान भरून द्या.

पण असा निकाल मिळाला तरी भरपाई हाती येईलच असं नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या 65 बेकायदा इमारती आठवाव्यात. परवानगीचे बनावट कागद, त्यावर मिळवलेली रेराची नोंदणी, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा पाडण्याचा आदेश. बँकेचे हप्ते भरणाऱ्या कुटुंबांनी कुठे जायचं? केटोचा निकाल ज्याच्याविरुद्ध वसूल करायचा तो माणूस जागेवर सापडला तर उपयोगाचा.

घेणारा मात्र दरवेळी निष्पाप असतो, असंही मला वाटत नाही. आपण वास्तुतज्ज्ञाला घर दाखवतो, किचनचं तोंड कुठे ते बघतो, पार्किंगवर तासभर घासाघीस करतो. जिन्याखाली वाकून बीमकडे कुणी बघत नाही. खालच्या मजल्यावर जाऊन, ‘काकू, तुमच्या बाथरूमचं छत जरा बघू का?’ असं विचारायला संकोच वाटतो. त्या काकूंनी तर वीस वर्षं वरच्यांना गळतीचं सांगितलेलं असतं! तीस वर्षांपुढच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण करून प्रमाणपत्र देणं महापालिका कायद्याच्या कलम 265-अ खाली बंधनकारक आहे. तो अहवाल आहे का, इमारत धोकादायक इमारतींच्या सी-1 वर्गात आहे की सी-2 मध्ये, हे प्रभाग कार्यालयात विचारायला अर्धा दिवस जातो. काहीजण मुद्दामच विचारत नाहीत. कारण ‘लवकरच रिडेव्हलपमेंटला जाणार’ हे त्यांना आतून कळलेलं असतं. इमारत जितकी मोडकळीला, तितकी लवकर टॉवरमधली नवी जागा. हीच बातमी त्या पुण्याला निघालेल्या आजोबांना ठाऊक नसते आणि घेणारा ती सांगत नाही. लपवालपवी दोन्ही बाजूंनी चालते, हे मान्य करायला हवं.

सगळ्यात अवघड बाजू एकट्या राहिलेल्या एखाद्या आजींची आहे. नवऱ्यामागे एवढाच फ्लॅट, औषधपाण्याला त्याचीच रक्कम. खरं सांगितलं तर काही लाख कमी येणार. न सांगता जो घेईल त्याच्या घरात लहान मुलं असतील. त्यांना ‘खरं बोला’ म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. गळती एकट्या आजींची नाही. वीस वर्षं दुरुस्ती निधीला ‘पुढच्या सभेत बघू’ म्हणणाऱ्या सगळ्या सभासदांची ती आहे. आजींचा तोटा त्यांच्यात वाटला जायला हवा. आपल्याकडे तशी रीत नाही.

सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम घ्यायचा विसर पडत नाही. त्याची पंचवीस हजारांची कमाल मर्यादा प्रत्येक कमिटीला तोंडपाठ असते. ऑडिटचा अहवाल मात्र कपाटात राहतो, बाहेर गेला तर सगळ्यांचेच भाव पडतील म्हणून. अलीकडे एका ओळखीच्या मुलाने घर घेण्याआधी सेक्रेटरींकडे तो मागितला. ते रागावले नाहीत. किल्ली शोधत म्हणाले, ‘आजवर कुणी मागितलाच नव्हता.’