रात्री दहानंतरचे वाचक

माझ्या वेबसाइटवर सगळ्यात जास्त माणसं रात्री येतात. जेवणं आटोपलेली असतात, थोरली मंडळी आडवी झालेली असतात, आणि घरातलं कुणीतरी मोबाइल घेऊन लिहितं, 'वडील वारले सातबारावर नाव कसे लावायचे'. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये वेबसाइटच्या मालकाला हे शब्द जसेच्या तसे दिसतात, ते कुणी लिहिले हे मात्र दिसत नाही. 'चुलत्याने परस्पर फेरफार केला.' 'आजीचे नाव उताऱ्यावर नाही.' 'सामाईक विहीर नोंद.' 'बहीण हक्कसोड देत नाही काय करावे.' सकाळच्या चहाबरोबर मी ही यादी वाचतो. वेबसाइट काढून पैसे कसे मिळवायचे हे विचारायला ओळखीतली तरुण मुलं येतात. "काका, महिन्याला किती सुटतात?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. मी आकडा लपवत नाही, पण आधी त्यांच्यासमोर ही यादी ठेवतो.

विषय शेतजमिनीच्या कागदांचा. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा, आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या त्या गावातल्या सगळ्या जमिनीचा गोषवारा, नमुना सहा म्हणजे फेरफारांची नोंदवही. हे सगळं मी तहसील कचेरीसमोर अर्ज आणि दस्त लिहिता लिहिता शिकलो. वेबसाइटसाठी नवीन शिकायचं होतं ते फक्त तंत्र, विषय रोजच्या हाताखालचा होता. नवख्या माणसाचं बरंचसं भवितव्य या एका निवडीत ठरतं असं माझं ठाम मत आहे. विमा, कर्ज, गुंतवणूक या विषयांना जाहिरातदार जास्त भाव देतात हे खरं. म्हणून कितीतरी जण तेच विषय घेऊन बसतात, आणि ज्याने आयुष्यात कर्जाचा अर्ज भरला नाही तो गृहकर्जाचे फायदे लिहितो, तेही चार ठिकाणचं वाचून. अशा लिखाणात वाचकाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, दुसऱ्याचं मिळत नाही. वारस नोंदीला कोणते कागद लागतात, हे कुणीही सांगेल. पण मृत्यूच्या दाखल्यावर 'पांडुरंग' आणि सातबाऱ्यावर 'पांडू' असेल तर काय करायचं, हा प्रश्न ते काम केलेल्यालाच आधी सुचतो. वाचकाला खरं विचारायचं असतं तेही हेच, कारण तलाठ्याने अर्ज परत केलेला असतो तो याच कारणासाठी.

बाकीची उभारणी फार अवघड नाही. डोमेन घ्यायचं, होस्टिंग घ्यायचं, त्यावर वर्डप्रेस बसवायचं. वर्डप्रेस २००३ पासून फुकट उपलब्ध आहे आणि जगभरात फार मोठ्या संख्येने वेबसाइट त्याच्यावर चालतात. वर्षाचा खर्च काही हजारांत बसतो. मी आग्रह धरतो तो एकाच गोष्टीचा, डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घेण्याचा. वेबसाइट बनवून देणारा ते आपल्याच नावावर घेऊन ठेवतो, पुढे मतभेद झाले की दुकान एकाचं आणि जागा दुसऱ्याची असा प्रसंग येतो. जमिनीच्या कागदांत आयुष्य गेलेल्या माणसाला मालकी कुणाच्या नावाने लागली आहे, हे तपासल्याशिवाय चैन पडत नाही, आणि इथे ती सवय उपयोगी पडते.

पैशांचं सांगतो. गुगलचं ॲडसेन्स, म्हणजे वेबसाइटवर जाहिराती दाखवून मालकाला पैसे देणारी सेवा, २००३ साली आलं. हिंदी पानांना ते २०१४च्या डिसेंबरात मिळालं, मराठीला आणखी थांबावं लागलं. मायबोलीसारखी वेबसाइट १९९६ पासून मराठी माणसांनी चालवली, इंटरनेटवरच्या मराठीचा पाया असा जाहिरातींच्या कितीतरी आधी घातला गेला, हे नव्या मुलांना माहीत असावं असं मला वाटतं. ॲडसेन्सला अर्ज मंजूर झाला की जाहिराती दिसू लागतात. खात्यात दहा डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी गुगल साध्या टपालाने एक पिन पाठवतं. 'मु. पो.'पासून सुरू होणारा गावाकडचा पत्ता इंग्रजीत नीट लिहिलेला असला आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवलेलं असलं, तर ते पत्र वेळेत पोचतं. शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. झाले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान ते निघतात. बँकेत पहिल्यांदा परदेशातून रक्कम आली की ती कशाबद्दल, हे विचारणारा फोन येतो. जाहिरातदार देतो त्या शंभरातले साधारण ६८ वेबसाइटवाल्याकडे येतात. मराठी पानावरचा भाव इंग्रजीपेक्षा बराच कमी असतो, कारण ही जागा लिलावाने विकली जाते आणि मराठी वाचकासाठी बोली लावणारे थोडे आहेत. नोकरी सोडून यात उतरायचं म्हणणाऱ्या मुलांना मी हे दोनदा सांगतो. पहिलं वर्ष-दीड वर्ष घरात दुसरं उत्पन्न असलंच पाहिजे.

आता मला ज्याच्याबद्दल खरं बोलायचं आहे ते. एका सेवा केंद्राच्या बाकावर माझ्या शेजारी एक वयस्क शेतकरी बसले होते. नातवाने त्यांना मोबाइलवर 'सातबारा डाउनलोड' असं लिहून कुठलीशी वेबसाइट उघडून दिली होती. पान उघडताच वरच्या बाजूला मोठं हिरवं बटण होतं, त्यावर लिहिलं होतं 'डाउनलोड'. खाली दोन ओळी मजकूर, पुन्हा तसंच बटण. त्यांनी ते दाबलं, भलतंच ॲप उतरू लागलं. मागे आले, पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबायच्या आत मी त्यांना म्हटलं, "आबा, ती जाहिरात आहे." त्यांनी मोबाइल माझ्याकडे दिला आणि विचारलं, "मग उतारा कुठाय?" उतारा तिथे नव्हताच. तो सरकारच्या महाभूलेखवर मिळतो आणि डिजिटल सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये पडतात. त्या पानाच्या मालकाला मात्र आबांच्या प्रत्येक चुकीच्या दाबण्याचा फायदा झाला. २०२४ पासून ॲडसेन्स वेबसाइटवाल्याला क्लिकऐवजी जाहिरात दिसण्याचे पैसे देतं. तरीही जिथे क्लिक जास्त पडतात त्या जागेला लिलावात भाव चढतो, आणि माणूस समजून क्लिक करतो की फसून, हे त्या क्षणी भाव ठरवणाऱ्या यंत्राला कळत नाही. अशी फसवी मांडणी नियमांत बसत नाही, सापडली तर खातं बंद होतं. पण सापडेपर्यंत चालते, आणि नवख्याला शिकवणारे कितीतरी जण 'जाहिरात बटणाच्या जवळ ठेवा' असंच शिकवतात.

कचेरीसमोरच्या टेबलाशी मी याची तुलना करत राहतो. तिथेही आम्ही लोकांच्या अडचणीतूनच कमावत होतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, लिहून देणं हे कष्टाचं काम आहे. पण अर्ज चुकला आणि परत आला की तो माणूस संध्याकाळपर्यंत टेबलासमोर उभा राहायचा, आणि त्याच्या मागे रांगेतली चार माणसं ते ऐकायची. त्या उभ्या राहण्याने आमचं काम सरळ ठेवलं होतं. वेबसाइटवर फसलेला माणूस परत येत नाही, निमूट निघून जातो, त्याच्या जागी दुसरा येतो, आणि महिनाअखेरीचा आकडा तेवढाच राहतो. म्हणून इथे ते उभं राहणं मालकाने स्वतः निर्माण करावं लागतं. प्रत्येक पानाच्या तळाशी मी ईमेलचा पत्ता दिला आहे आणि आलेलं प्रत्येक पत्र वाचतो. ॲडसेन्समध्ये ठरावीक प्रकारच्या जाहिराती बंद करता येतात. झटपट श्रीमंतीच्या, ज्योतिष-तोडग्यांच्या आणि कॅसिनोसारख्या खेळांच्या जाहिराती मी बंद ठेवल्या आहेत. त्याने उत्पन्न घटतं. ते घटू द्यावं, कारण ज्याचा बाप गेल्या महिन्यात वारला त्याला माझ्या पानावर पत्त्यांच्या जुगाराचं आमंत्रण मिळता कामा नये.

हक्कसोडीच्या पानाचं उदाहरण द्यायलाच हवं. 'बहिणीचे नाव सातबारावरून कसे कमी करावे' असं लिहून येणारे पुष्कळ आहेत. या शीर्षकाचं पान करून त्यात युक्त्या सांगितल्या तर वाचक तुटून पडतील. माझ्या पानाची सुरुवातच अशी आहे की बहिणीच्या संमतीशिवाय ते कमी होत नाही. २००५च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला आहे. तिला तो सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, साध्या स्टँप पेपरवर सही घेऊन भागत नाही. बरेच वाचक पहिल्या परिच्छेदालाच परत फिरतात, आकडेवारीत ते दिसतं. पण त्याच यादीत आणखीही प्रश्न असतात, 'हक्कसोड सही केली तर परत मिळते का', 'माहेरच्या जमिनीत नाव आहे का कसे बघावे'. हे विचारणारी बाई त्याच पानावर येते आणि शेवटपर्यंत वाचते. ते पान गोड केलं असतं तर तिचं काय झालं असतं, याचा विचार मी पैशांच्या आधी करतो.

रोजचं काम म्हणाल तर ते नवीन लिहिण्यापेक्षा जुनं दुरुस्त करण्याचं जास्त आहे. महसूल संहिता १९६६ची, पण तिच्याभोवतीची व्यवस्था सारखी हलत असते. २०२१च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी राज्यभर आली आणि नमुना बाराची नोंद शेतकऱ्याच्या हातात गेली. तलाठ्याचं पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं. २०२५ साली मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावण्यासाठी जिवंत सातबारा मोहीम निघाली. प्रत्येक वेळी कितीतरी पानं उघडून ओळ न् ओळ तपासावी लागते. संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं, फेरफाराच्या नोटिशीवर पंधरा दिवसांत हरकत घ्यायची, अशा मुदती वाचक माझ्या भरवशावर पाळतो. मुदत चुकीची छापलेली राहिली तर त्याला पुढे अपिलात जावं लागेल. यात व्यवहारही आहेच. नीट ठेवलेलं पान वर्षानुवर्षं वाचक आणतं, आणि 'सरकारचा मोठा निर्णय' असं ओरडणारं पान आठवड्यात मरतं.

काही वकिलांकडून निरोप आले की तुमच्याकडे येणारे पक्षकार आमच्याकडे पाठवा, टक्केवारी देऊ. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, मध्यस्थ नेमून काम मिळवता येत नाही. मी नकार कळवला. नियम नसता तरी कळवला असता.

अलीकडे गुगलवर निकालांच्या वरच यंत्राने जुळवलेलं उत्तर येतं आणि पुष्कळांचं काम तिथेच होतं. आर म्हणजे किती, गुंठा म्हणजे किती चौरस फूट, असल्या पानांवरची वर्दळ त्यामुळे ओसरली. मला त्याचं वाईट वाटत नाही. १०८९ एवढं एक उत्तर हवं असेल तर त्यासाठी कुणाला माझ्या दारात थांबवून ठेवायचं कारण नाही. भरलेला अर्ज कसा दिसतो, कोणत्या रकान्यात काय, मंडळ अधिकाऱ्याने नोंद रद्द केली तर पुढचा कागद कोणता, हे ज्याला हवं तो अजून येतो आणि थांबतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आता पान निवडताना हीच कसोटी लावावी.

वारस नोंदीच्या पानावरून मी सगळ्या जाहिराती काढल्या आहेत. सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान तेच, त्यामुळे हा निर्णय स्वस्त नव्हता. त्याऐवजी मजकूर संपल्यावर एक ओळ ठेवली आहे. वारस अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि नावातल्या फरकाचा अर्ज, अशा भरलेल्या नमुन्यांची पुस्तिका पन्नास रुपयांना, यूपीआयने. कोरे नमुने वर फुकट आहेतच, ज्याला पैसे द्यायचे नाहीत त्याचं काम अडत नाही. पुस्तिका घेणारे थोडे असतात, पण घेतलेला माणूस चूक सापडली की कळवतो, कारण त्याने पैसे मोजलेले असतात. मार्चअखेरीला दोन्ही उत्पन्नांचा हिशेब शेजारी शेजारी मांडायचा आहे. तो जमला तर हक्कसोडीच्या पानावरच्या जाहिरातीही काढणार आहे. सध्या १९४७च्या तुकडेबंदी कायद्याचं पान नव्या बदलांसह पुन्हा लिहायला घेतलं आहे, गुंठ्यांविषयीचे प्रश्न रोज येताहेत.