तिकीट डरहॅमचं, रंगमंच लंडनचा

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, डरहॅम परगण्यात, इझिंग्टन नावाचं कोळसाखाणीचं गाव आहे. १९९३ च्या मे महिन्यात तिथली खाण बंद झाली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने राष्ट्रीय लॉटरीचा कायदा मंजूर केला आणि १९ नोव्हेंबर १९९४ च्या शनिवारी रात्री बीबीसीवरून पहिली सोडत निघाली. तिकीट एक पौंडाचं. एकोणपन्नास आकड्यांतले सहा जुळवायचे. ते जुळण्याची शक्यता सुमारे एक कोटी चाळीस लाखांत एक.

त्या एका पौंडाचे वाटे ठरलेले होते. ढोबळमानाने पन्नास पेन्स बक्षिसांचे, बारा सरकारी कराचे, पाच दुकानदाराचे, पाच लॉटरी चालवणाऱ्या कंपनीचे. उरलेले अठ्ठावीस सत्कार्यांचे. कायद्याने पाच सत्कार्यं नेमून दिली होती: कला, क्रीडा, वारसा, धर्मादाय संस्था आणि नव्या सहस्रकाचं स्वागत. सुरुवातीला पाचांना सारखा वाटा, म्हणजे कलेच्या वाट्याला पौंडामागे साडेपाच पेन्सहून किंचित जास्त. ही रक्कम चिल्लर वाटते, पण तीस वर्षांत अशा चिल्लरीतून सगळ्या सत्कार्यांना मिळून ४५ अब्ज पौंडांहून अधिक पैसा गेला. त्यातला कलेचा निधी हा कलेसाठी जगात उभ्या राहिलेल्या मोठ्या सार्वजनिक निधींपैकी एक आहे. तो कुणाच्या खिशातून आला आणि कुणाच्या दारात गेला, एवढंच मला इथे पाहायचं आहे.

२०१४ मध्ये पीटर स्टार्क, ख्रिस्टोफर गॉर्डन आणि डेव्हिड पॉवेल या तीन जाणकारांनी कुणा संस्थेच्या आश्रयाशिवाय एक अहवाल काढला. कोणत्या भागातल्या लोकांनी तिकिटांमधून कलेच्या निधीत किती भर घातली आणि त्या भागातल्या कलासंस्थांना किती परत मिळालं, याचा अंदाज त्यांनी मांडला. १९९५ पासून डरहॅम परगण्यातल्या लोकांनी कलानिधीत घातलेली रक्कम ३ कोटी ४० लाख पौंड, परत आलेली १ कोटी २० लाख. लंडनच्या मध्यभागातल्या वेस्टमिन्स्टरच्या रहिवाशांनी घातलेली रक्कम १ कोटी ४५ लाख, आणि तिथल्या संस्थांना मिळालेली ४० कोटी ८० लाख. डरहॅमची लोकसंख्या वेस्टमिन्स्टरच्या दुपटीहून जास्त आहे, हेही लक्षात घ्या.

यावर एक उत्तर लगेच येतं, आणि ते अगदीच पोकळ नाही. वेस्टमिन्स्टरमधल्या संस्था एकट्या वेस्टमिन्स्टरच्या नाहीत. मोठे ऑपेरा, मोठी नाटकघरं, मोठी संग्रहालयं राजधानीतच असायची, आणि ती साऱ्या देशाची असतात. मान्य. पण खाण बंद पडलेल्या गावातल्या कुटुंबाने तीन-चारशे किलोमीटरचा प्रवास, रात्रीचा मुक्काम आणि महागडं तिकीट हे सगळं सोसल्याखेरीज जी वस्तू त्याच्या वाट्याला येत नाही, ती केवळ कागदावर त्याची असते. तिकिटाचे पैसे मात्र त्याने रोख मोजलेले असतात. लॉटरीवर गरीब माणूस आपल्या मिळकतीचा जितका हिस्सा खर्च करतो, तितका श्रीमंत करत नाही. म्हणून या निधीच्या वाटपात न्यायाचा प्रश्न करांच्या पैशापेक्षाही तीव्र होतो. आयकरात ज्याची मिळकत मोठी त्याचा दर चढा. लॉटरीत नेमकं उलट होतं.

पैसा असा लंडनकडे का वळला? कलेच्या निधीचं वाटप करणाऱ्या आर्ट्स कौन्सिलमध्ये लबाड माणसं बसली होती, असं म्हणायला मला कुठलाही आधार दिसत नाही. झालं ते नियमांमुळे, आणि ते नियम वाचताना निरुपद्रवी वाटतात. पहिला नियम असा की सुरुवातीची काही वर्षं पैसा मुख्यतः भांडवली कामांना, म्हणजे इमारती आणि साधनसामग्री यांना द्यायचा. यामागचा हेतू प्रामाणिक होता. लॉटरीचा पैसा वरचा असावा, त्याच्या जोरावर सरकारने नेहमीचं अनुदान कापू नये, अशी सगळ्यांची इच्छा होती. इमारतीला एकदाच पैसे दिले की नट-वादकांच्या पगाराशी त्यांची सरमिसळ होणार नाही, असा हिशोब. दुसरा नियम, मोठ्या कामासाठी मागणाऱ्याने साधारण चौथा हिस्सा स्वतः दुसरीकडून उभा करायचा. तिसरा, कौन्सिलने स्वतःहून कुणाला ‘अर्ज करा’ असं सांगायचं नाही. आलेल्या अर्जांतूनच निवड करायची. १९९८ च्या कायद्याने ही शेवटची अट काढून टाकली, पण तोवर मोठमोठ्या रकमा वाटून झाल्या होत्या.

आता हे तिन्ही नियम एकत्र लावून पाहा. ज्यांच्याजवळ आधीच इमारत आहे, ज्यांच्या विश्वस्त मंडळावर बँकर बसतात, ज्यांना शंभर पानांचा आराखडा करून देणारे सल्लागार परवडतात, ते रांगेत आपोआप पुढे येतात. मागणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यापर्यंत पोचण्याची मुभा देणाऱ्यालाही नाही. गरजू भागाला डावलायचं असं कुणीही ठरवलं नाही, तरी तो भाग डावलला गेला.

जुलै १९९५ मध्ये लंडनमधल्या कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाऊसला ७ कोटी ८५ लाख पौंड मंजूर झाले तेव्हा ‘द सन’सारख्या खपाच्या वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली: गरिबांचे पैसे आणि बड्यांची करमणूक. त्या ओरडीत ऑपेराबद्दलचा जो तुच्छभाव होता, तो मला मान्य नाही. ते नाटकघर जुनं झालं होतं, रंगमंचामागची यंत्रणा थकली होती, आणि तिथे काम करणाऱ्या गायक, वादक, नर्तक, शिंपी, सुतार यांना चांगली जागा मिळायलाच हवी होती. माझी हरकत इतकीच की ती जागा कराच्या पैशातून व्हायला हवी होती. राष्ट्राची संस्था असेल तर राष्ट्राच्या तिजोरीने तिचा भार उचलावा. सर्वांत जास्त भार ज्याने उचलायचा तो सर्वांत जास्त कमावणारा असावा.

इमारतींचा तो हव्यास पुढे कुठवर गेला, हे दोन गावांत दिसलं. शेफील्डला पॉप संगीताचं राष्ट्रीय केंद्र १ मार्च १९९९ रोजी उघडलं. पोलादाचे चार अजस्र ढोल शेजारी ठेवावेत अशी वास्तू, खर्च दीड कोटी पौंड, त्यातले सुमारे १ कोटी १० लाख लॉटरीचे. वर्षाला चार लाख लोक येतील असं गृहीत धरलं होतं. आले त्याच्या कितीतरी कमी. त्याच वर्षी केंद्राचं दिवाळं निघालं आणि २००० मध्ये ते बंद झालं. पुढे तिथे विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचं ठाणं झालं.

दुसरी गोष्ट वेस्ट ब्रॉमिचची, आणि ती मला जास्त लागते. ज्युबिली आर्ट्स नावाची संस्था १९७० च्या दशकापासून तिथल्या कारखानदारी पट्ट्यात काम करत होती. वस्तीवस्तीत बस न्यायची, लोकांबरोबर नाटक करायचं, फोटो काढायचे, छपाई करायची, असं त्यांचं काम. लोक कलेकडे येत नाहीत तर कला लोकांकडे न्यायची, हे तत्त्व त्यांनी वर्षानुवर्षं आचरलं होतं. लॉटरी आली, आणि भांडवली कामाखेरीज मोठा पैसा मिळत नाही हे दिसल्यावर त्यांनीही इमारतीचं स्वप्न पाहिलं. विल अलसॉप या नामवंत वास्तुरचनाकाराची ‘द पब्लिक’ ही इमारत ठरल्यापेक्षा दोन वर्षं उशिरा, २००८ मध्ये उघडली. खर्च सहा कोटी पौंडांच्या वर गेला, आणि काम पुरं होण्याआधीच, २००६ मध्ये, संस्था दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती गेली होती. रोजचा खर्च पालिकेला झेपेना म्हणून नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘द पब्लिक’ बंद झाली आणि तिचं कॉलेज झालं. बसवर चाललेलं काम चांगलं होतं. त्याला हवे होते डिझेलचे, कागदाचे, पगाराचे पैसे. नियमाने सांगितलं, ते मिळणार नाहीत, हवी तर इमारत घ्या.

तरीही याच निधीतून डरहॅमच्या सीमेजवळ गेट्सहेडला जे उभं राहिलं, ते पाहिल्यावर लॉटरीचा पैसा कलेला नकोच, असं मला म्हणवत नाही. बंद पडलेल्या एका खाणीच्या जागेवर, जिथे खाणकामगारांची न्हाणीघरं होती, १९९८ च्या फेब्रुवारीत अँटनी गॉर्मली यांचा ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ उभा राहिला. उंची वीस मीटर, पंखांचा पसारा ५४ मीटर, वजन दोनशे टन. वाऱ्याचा मारा सोसावा म्हणून खाली वीस मीटर खोल खडकापर्यंत खांब उतरवले आहेत. पोलाद कापून जोडलं ते हार्टलपूलच्या कामगारांनी, जहाजं बांधणाऱ्या परंपरेतल्या हातांनी. खर्च आठ लाख पौंड, त्यातला मोठा भाग लॉटरीचा. सुरुवातीला स्थानिक वृत्तपत्रांतून विरोध झाला, पत्रांचा पाऊस पडला. पण गेट्सहेडची पालिका १९८० च्या दशकापासून चौकाचौकांत, शाळांशाळांत कलेचं काम करत होती. १९९६ मध्ये गॉर्मली यांच्या हजारो मातीच्या आकृत्या तिथल्या जुन्या रेल्वे कारखान्यात मांडल्या तेव्हा लोक झुंडीने आले होते. त्या नांगरटीवर हे बी पडलं. पुतळा उभा राहून तीन महिने होतात न होतात, तोच न्यूकासलच्या फुटबॉलवेड्यांनी मासेमारीचे दोर गलोलीने वर फेकून आपला लाडका खेळाडू अ‍ॅलन शिअरर याचा नऊ नंबरचा प्रचंड शर्ट त्याच्या अंगावर चढवला. कुणी सांगितलं नव्हतं. लोकांनी तो आपला मानला तो असा.

इझिंग्टनच्या वाट्यालाही याच निधीतून एक गोष्ट आली. ‘बिली एलियट’ या सिनेमाला आर्ट्स कौन्सिलचा लॉटरीचा पैसा होता आणि त्याचं चित्रीकरण इझिंग्टनच्या गल्ल्यांत झालं. संपावर गेलेल्या खाणकामगाराचा मुलगा बॅले शिकतो आणि रॉयल बॅले स्कूलमध्ये जातो. सिनेमा २००० साली जगभर गाजला. मला तो फार आवडतो, पण पाहताना दर वेळी हेही टोचतं की त्या मुलाला नर्तक व्हायचं तर गाव सोडून लंडनला जावं लागतं.

उपाय सापडले नाहीत असं नाही. १९९६-९७ मध्ये ‘आर्ट्स फॉर एव्हरीवन’ या योजनेची एक सोपी शाखा निघाली: पाचशे ते पाच हजार पौंड, लहानसा अर्ज. हौशी नाटकमंडळी, गावचे बँड, तरुणांचे गट, ज्यांनी जन्मात कधी अनुदान मागितलं नव्हतं, अशा हजारोंनी अर्ज केले आणि हजारोंना पैसे मिळाले. पुढे २०१२ पासून ‘क्रिएटिव्ह पीपल अँड प्लेसेस’ ही योजना लॉटरीच्याच पैशातून सुरू झाली. कलेशी सर्वांत कमी संबंध येणारे भाग आधी शोधायचे, तिथे पैसा न्यायचा, आणि काय करायचं ते तिथल्या लोकांबरोबर बसून ठरवायचं. पूर्व डरहॅमचा त्यात समावेश झाला. निधी सुरू झाल्यावर जवळपास दोन दशकांनी.

आणि लॉटरीच्या जोरावर सरकार नेहमीचं अनुदान कापेल, या ज्या भीतीपोटी इमारतींचा नियम केला होता, ती भीती अखेर खरीच ठरली. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी लॉटरीच्या पैशातून दोन अब्ज पौंडांहून अधिक रक्कम दिली गेली, आणि तिचा मोठा भाग सत्कार्यांच्या निधीतून वळवलेला होता. २०१० नंतर सरकारने आर्ट्स कौन्सिलचं अनुदान मोठ्या प्रमाणात कापलं, आणि २०१५ पासून नियमित अनुदानाच्या काही संस्थांचा भार कौन्सिलने लॉटरीच्या पैशावर टाकला. वरचा पैसा हळूहळू मूळचा पैसा झाला. लोकांनी तिकिटं कमी घेतली की नाटकमंडळीचं बजेट डळमळणार, अशी अवस्था कुठल्याही समाजाने आपल्या कलावंतांवर आणू नये.

आता आपल्याकडे पाहा. महाराष्ट्र सरकारची लॉटरी १९६९ पासून चालू आहे. तिच्यातून मिळालेला पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. तिकीट घेणाऱ्याला तो पुढे कशासाठी खर्च झाला हे कळत नाही. केरळने २०११ मध्ये ‘कारुण्य’ लॉटरी काढली आणि तिचा पैसा गरिबांच्या कर्करोग, हृदयरोग, मूत्रपिंडाच्या उपचारांना नेमून दिला; सिडनीचं ऑपेरा हाऊस तर १९५० च्या दशकात त्याच्याच नावाने काढलेल्या लॉटरीवर प्रामुख्याने बांधलं गेलं. घेणाऱ्याला निदान ठाऊक होतं आपण काय बांधतोय. उद्या आपल्याकडेही कुणी कलेच्या नावाने लॉटरी काढण्याचा प्रस्ताव आणील. कलेचं नाव लावून तिकिटांचा खप वाढवू नये, असं मला वाटतं. जो खप आहे त्यातला हिस्सा मात्र जरूर मागावा, आणि मागताना तो कसा वाटायचा ते आधी लिहून घ्यावं.

कारण ब्रिटनने केलेली चूक आपल्याला सहज जमणारी आहे. कोनशिलेवर नाव कोरता येतं, तमाशाच्या फडाच्या उचलीवर कोरता येत नाही. हंगाम उभा करण्याआधी फडमालकाला कलावंतांना उचल द्यावी लागते आणि त्यासाठी तो व्याजाने पैसे काढतो. ज्येष्ठ कलावंतांना राज्य आता महिन्याला पाच हजार रुपये मानधन देतं, हे योग्यच आहे. पण ते उतारवयात हाती येतं. उमेदीच्या वर्षांत हवी असते ती बिनव्याजी उचल, गाडीचं भाडं, तालमीची जागा. आणि तालुक्याच्या गावी दिमाखात उद्घाटन झालेली नाट्यगृहं पुढे गळक्या छपराने आणि बंद पडलेल्या विजेने कशी उभी असतात, हे राज्यात नाटक घेऊन फिरणाऱ्या कुणालाही विचारा.

तुमच्या गावात पुढचं सांस्कृतिक भवन मंजूर झालं, तर नगरपालिकेकडे एक गोष्ट लेखी मागा: ते चालवायला पुढची दहा वर्षं दर वर्षी किती पैसे लागणार आणि ते कोण देणार. उत्तर मिळेपर्यंत भूमिपूजन होऊ देऊ नका.